आंब्याच्या बागेतील पोल प्रूनर: उंचीआधी धार पाहावी

मी रत्नागिरी जिल्ह्यात आंब्याच्या बागांतील छाटणीची कामे घेतो, आणि या कामात पोल प्रूनर, म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला बसवलेली दोरीने चालणारी कात्री, आता कोयत्याइतकीच गरजेची झाली आहे. हापूसची जुनी कलमे उंच वाढलेली असतात, त्यांच्या घेराच्या कडेच्या फांद्या माणसाचे वजन पेलत नाहीत आणि शेंड्यापर्यंत चढणारे जाणते गडी दरवर्षी कमी होत चालले आहेत. त्यामुळे जे काम पूर्वी झाडावर चढून होत असे, त्यातील मोठा भाग आता जमिनीवर उभे राहून करावा लागतो. अवजार घ्यायला दुकानात गेल्यावर मात्र पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती फूट पाहिजे? माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारायला हवा. दांड्याच्या टोकाशी काय आहे, ते किती स्वच्छ कापते, ते पुन्हा धारदार करता येते का आणि दिवसभर ते वर धरणाऱ्या माणसाचे काय होते, हे आधी पाहिले तर उंचीचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो.

आंब्याच्या झाडावर या अवजाराला तीन प्रकारची कामे असतात. आतल्या गर्दीत एकमेकींवर घासणाऱ्या आणि सावली करणाऱ्या बारीक फांद्या काढणे, शेंड्याकडून वाळत आलेल्या काड्या काढणे आणि बांडगूळ काढणे. पहिल्या दोन कामांना कात्री पुरते. तिसरे काम तिच्या आवाक्यापलीकडचे ठरते आणि बहुतेकांची खरेदी नेमकी तिथेच फसते, म्हणून बांडगुळाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो.

बांडगुळाची गोड, चिकट फळे फुलटोच्यासारखे छोटे पक्षी खातात आणि बी दुसऱ्या फांदीवर चिकटवून जातात. ते बी रुजले की त्याचे शोषक मूळ आंब्याच्या लाकडात शिरते आणि त्या जागी फांदीला गाठ येते. आपल्याकडे सर्रास आढळणाऱ्या जातीत आणखी एक अडचण आहे: तिची मुळांसारखी अंगे फांदीच्या सालीवरून पुढे सरकत जातात आणि जागोजागी नव्याने रुततात. बांबूला कोयता किंवा आकडी बांधून बांडगूळ ओढून काढण्याची जी जुनी पद्धत आहे, तिच्यात वरचा झुपका तुटून खाली येतो, बागायतदाराला झाड मोकळे झाल्यासारखे वाटते आणि लाकडात राहिलेल्या भागातून बांडगूळ पुन्हा फुटते. खरा उपाय म्हणजे गाठीच्या आणि सालीवरच्या त्या मुळांच्याही मागे, खोडाच्या बाजूला, निरोगी लाकडात फांदीच कापणे. अशा जागी फांदीची जाडी अनेकदा ४ ते ६ सेंटिमीटर भरते आणि दोरीची कात्री तिथे नुसती अडकून बसते. म्हणून ज्याच्याकडे बांडगुळाचे काम येते त्याने कात्री आणि करवत अशी दोन्ही डोकी एकाच दांड्यावर बसतील असा संच घ्यावा. दोन्ही एकाच वेळी बसवून फिरवू नयेत, कारण कात्रीने काम करताना करवतीचे पाते पालवीत अडकते आणि वजनही विनाकारण वर जाते. बांडगुळाला फळे धरण्यापूर्वी हे काम झाले तर पुढच्या हंगामातील त्रास पुष्कळ कमी होतो.

आता कात्रीचे डोके. त्यात दोन रचना मिळतात. एकीत धारदार पाते फांदी धरून ठेवणाऱ्या आकड्याच्या शेजारून सरकत जाते आणि दुसरीत ते सपाट पट्टीवर येऊन आदळते. दुसरी रचना वाळक्या लाकडाला चालते, पण ओल्या फांदीची साल तीत चेंगरते आणि चेंगरलेली कडा लवकर भरून येत नाही. जिवंत झाडावर काम करणाऱ्याने पहिलीच घ्यावी. या कात्रीतही पात्याची बाजू आणि आकड्याची बाजू यांत फरक असतो: आकडा फांदीला दाबून धरतो, त्यामुळे थोडा चेंगरण्याचा भाग त्याच्या बाजूला येतो. म्हणून दांडा असा फिरवावा की पाते झाडावर राहणाऱ्या बाजूला आणि आकडा खाली पडणाऱ्या तुकड्याच्या बाजूला येईल. हातातल्या कात्रीने हे जमवणे सोपे असते. पाच मीटर वर ते जमवायचे तर दांड्याचा आकार महत्त्वाचा ठरतो. गोल नळी हातात फिरते आणि डोक्याची दिशा कळत नाही. लंबगोल नळी मुठीत बसताच पाते कोणत्या बाजूला आहे हे न पाहता समजते. जपानी बनावटीच्या काही उंच करवतींचे दांडे याच कारणासाठी लंबगोल असतात आणि त्यांची किंमत जास्त असली तरी ती वसूल होते.

डोक्याच्या कप्प्यांकडेही नीट पाहावे. पात्याच्या दांडीवर एक फिरती कप्पी असेल आणि दोरीचे टोक डोक्याला बांधलेले असेल, तर ओढलेल्या जोराच्या सुमारे दुप्पट जोर दांडीवर पडतो. कप्प्या वाढल्या की जोर वाढतो, पण तितकी जास्त दोरी ओढावी लागते. तीन कप्प्यांचे डोके कागदावर आकर्षक दिसते; मात्र दाट पालवीत दोरीचे जास्त फेरे म्हणजे अडकायच्या जास्त जागा. बारीक फांद्यांचे काम अधिक असेल तर एका कप्पीचे, हलके डोके बरे. खोक्यावर छापलेल्या कापण्याच्या जाडीबद्दल माझा अनुभव असा की ती मऊ, ओल्या लाकडासाठी समजावी. साधारणपणे व्यावसायिक डोक्यांवर ३० ते ४५ मिलिमीटर अशी जाडी लिहिलेली असते. आंब्याच्या वाळलेल्या फांदीवर त्यातील दोनतृतीयांश धरून चालावे आणि त्यापुढे करवत लावावी. जोर कमी पडला म्हणून दोरीला लोंबकळणारे गडी पुष्कळ आहेत. त्याने पाते आणि आकडा यांच्यात फट पडते, आणि एकदा ती फट पडली की कात्री फांदी कापण्याऐवजी दुमडून आत ओढते.

आता उंची. अमेरिकेच्या वनखात्यात संशोधन करणारे अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी-आडवी चिरून पाहिली आणि झाड जखम कशी बंदिस्त करते हे १९७० च्या दशकात मांडले. त्यांच्या कामातून छाटणीला मिळालेला नियम सोपा आहे: फांदीच्या बुडाशी सालीचा जो फुगीर वळसा असतो, तो शाबूत ठेवून त्याच्या लगेच बाहेर कापावे. खोडाला घासून कापले तर तो वळसा जातो आणि जखम मोठी होते. लांब खुंट ठेवला तर तो वाळतो आणि कुज त्याच वाटेने आत शिरते. जमिनीवरून काम करताना यातील दुसरी चूक सतत होते, कारण खालून पाहताना अंतराचा अंदाज चुकतो आणि दांडा जितका लांब तितके टोक जास्त डोलते. माझ्या पाहण्यात साडेपाच ते सहा मीटरच्या दांड्यापलीकडे नेमका काप घेणारा माणूस क्वचितच आढळतो. त्याहून उंच फांदी असेल तर शिडी लावून दांडा लांबवण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण दोन्ही हात दांड्यावर गुंतलेले असताना शिडीवर तोल सांभाळता येत नाही. तिथे दोर आणि पट्टा घेऊन चढणारा जाणता माणूसच बोलवावा.

लांबीचा भार कसा वाढतो याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. सहा मीटरचा दांडा जमिनीशी ६० अंशांत धरला तर त्याचे टोक बुडापासून आडव्या अंतरात ३ मीटर दूर असते. तोच दांडा ७५ अंशांत धरला तर हे अंतर साधारण दीड मीटरवर येते आणि हातांवर येणारा पीळ जवळजवळ निम्मा होतो. म्हणजे जागा बदलून दांडा उभा धरणे हे हलका दांडा विकत घेण्याइतकेच उपयोगी आहे. अर्थात तो इतकाही उभा नको की कापलेली फांदी सरळ डोक्यावर येईल. फांदी कुठे पडणार ते आधी ठरवावे, तिच्या पडण्याच्या रेषेतून बाजूला उभे राहावे आणि हेल्मेट व डोळ्यांवरचा चष्मा काम संपेपर्यंत उतरवू नये. करवतीचा भुसा, वाळक्या साली आणि लाल मुंग्यांची पानांत विणलेली घरटी हे सगळे वर पाहणाऱ्याच्या डोळ्यांतच येते.

दांडा कशाचा असावा, हा प्रश्न बागेत विजेच्या तारा आहेत की नाहीत यावरून सुरू होतो, आणि कोकणातील बहुतेक बागांत त्या आहेत. पंपाची लाइन कलमांच्या मधून गेलेली असते, ११ केव्हीची, म्हणजे ११ हजार व्होल्टची, वाहिनी बांधाला लागून असते आणि काही ठिकाणी फांद्यांनी तार झाकून टाकलेली असते. अल्युमिनियमचा दांडा हलका आणि ताठ असतो, पण तो विजेला सरळ वाट करून देतो. कार्बन फायबरचा दांडा त्याहून हलका असतो आणि तो लाकूड किंवा प्लॅस्टिकसारखा दिसत असल्यामुळे अनेकांना सुरक्षित वाटतो. तोही वीज वाहून नेतो. बांबूबद्दल तर आपल्याकडे पक्का समज आहे की त्यातून वीज येत नाही. ओल्या, हिरव्या किंवा दवाने भिजलेल्या बांबूतून ती येते, आणि उच्च दाबाच्या तारेशी गाठ पडली तर वाळलेल्या बांबूवरही विश्वास ठेवता येत नाही. राहिला फायबरग्लास. तो कोरडा आणि स्वच्छ असेल तर वीज अडवतो, पण बाजारातील प्रत्येक पिवळा दांडा त्या कसोटीला उतरलेला नसतो. चालू तारांवर काम करणाऱ्या लाइनमनच्या फायबरग्लास काठ्यांची अमेरिकी नियमांनुसार दर फुटाला १ लाख व्होल्टची चाचणी ५ मिनिटे घेतलेली असावी लागते. छाटणीच्या साध्या दांड्यावर तशी नोंद नसते, शिवाय त्याच्या टोकाला लोखंडी डोके आणि बाजूने लोंबणारी दोरी असते. ती दोरी घामाने, चिकाने किंवा दवाने ओली झाली की दांडा कशाचा आहे याला फारसा अर्थ उरत नाही.

म्हणून मी फायबरग्लासचे दांडे वापरतो, पण तारेजवळ जाण्याचा परवाना म्हणून नव्हे. अमेरिकेतील वृक्षकामाच्या सुरक्षा मानकात ५० केव्हीपर्यंतच्या तारांपासून सर्वसाधारण कामगाराने स्वतःचे शरीर आणि हातातील अवजार ३ मीटरहून जवळ नेऊ नये असे सांगितले आहे, आणि तेवढे अंतर आपणही पाळायला हरकत नाही. फांदी तुटताना झोका घेते, त्यामुळे हे अंतर फांदीच्या टोकापासूनही मोजावे. त्याहून जवळचे काम असेल तर महावितरणच्या कार्यालयात जाऊन लाइन बंद करून घ्यावी आणि ती बंद असल्याची खात्री त्यांच्या माणसाने जागेवर येऊन द्यावी. बागायतदार घाई करतात, फोनवरून बंद केली असे सांगतात; तेवढ्यावर काम सुरू करू नये. एका बाजूने बंद केलेल्या लाइनमध्ये दुसऱ्या घरच्या जनरेटरमुळे किंवा इन्व्हर्टरमुळे उलटी वीज येऊ शकते.

करवतीबद्दल थोडक्यात. वक्र, ओढताना कापणारे पाते घ्यावे, म्हणजे दांड्याचे वजन स्वतःच दाब देते आणि हाताला फक्त खेचायचे राहते. पात्याच्या बुडाशी छोटा आकडा असेल तर फांदीच्या खालच्या बाजूची साल आधी चिरून घेता येते. ही चीर महत्त्वाची आहे, कारण जड फांदी अर्धी कापताच वाकते आणि खोडापर्यंत साल सोलत नेते. मोठी फांदी आधी बाहेरून तोडून हलकी करावी आणि शेवटचा काप वळशाशी घ्यावा. पेट्रोलवर चालणारे साखळीचे पोल प्रूनर मोठ्या बागेत वेळ वाचवतात, परंतु ते जड असतात, त्यांच्या आसपास १५ मीटरमध्ये दुसरा माणूस असू नये असे त्यांच्या माहितीपुस्तिकांत लिहिलेले असते, आणि मजुरांच्या गर्दीत चालणाऱ्या आपल्या कामात ते पाळणे कठीण जाते. ज्याच्याकडे वेगळी, शिकलेली माणसे आहेत त्यानेच ते घ्यावेत.

निगेची सुरुवात चिकापासून होते. आंब्याचा चीक पात्यावर वाळून काळा, काचेसारखा थर होतो. तो असताना पाते आणि आकडा यांच्यातील घर्षण वाढते आणि माणसाला वाटते की धार गेली. केवळ या थरामुळे चांगली पाती कानशीखाली झिजवली जातात. संध्याकाळी चीक ओला असतानाच पाते रॉकेल किंवा टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसले तर पाच मिनिटांत काम होते. फणस, वड, उंबर यांचा चीक खोबरेल तेलाने सुटतो. त्यानंतर कोरड्या फडक्याने पुसून पात्यावर मशिन ऑइलचा पातळ हात फिरवावा. जवसाचे तेल सांध्यावर कधी लावू नये. ते वाळून घट्ट होते.

धार लावताना फक्त उतार असलेल्या बाजूवर काम करावे. कारखान्याने दिलेला उतार साधारण २० ते २५ अंशांचा असतो. त्यावर काळ्या मार्करने रेघ मारून कानस किंवा हिऱ्याची पट्टी फिरवली की शाई कुठून जाते त्यावरून कोन बरोबर आहे का ते समजते. सपाट बाजूला एक-दोन हलके हात पुरतात, तेही पट्टी पूर्ण टेकवून, घासताना धारेवर आलेली धातूची बारीक कोर काढण्यापुरते. सपाट बाजूला उतार दिला की पाते आकड्यापासून दूर जाते आणि ती कात्री पुन्हा पूर्वीसारखी कापत नाही. मधल्या बोल्टचा ताण इतका ठेवावा की पाते आकड्याला पूर्ण लांबीभर घासून जाईल आणि स्प्रिंग त्याला विनाअडथळा परत उघडेल. कसोटीला जाड कागद किंवा आंब्याचे ओले पान कापून पाहावे. ते टोकापर्यंत न दुमडता कापले जायला हवे. करवतीच्या दातांची टोके निळसर काळी दिसत असतील तर ती उष्णतेने कडक केलेली आहेत; त्यांच्यावर कानस घसरते आणि खराब होते. ते पाते बदलायचे असते, म्हणून करवत घेताना तिचे सुटे पाते आपल्याकडे मिळते का हे आधी विचारावे. हाच विचार स्प्रिंग, कप्पी आणि बोल्टबाबतही करावा. लुधियानाच्या आणि परदेशी दोन्ही बनावटींची डोकी बाजारात आहेत. ज्याचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात ते साधे डोके, भाग न मिळणाऱ्या उत्तम डोक्यापेक्षा आमच्या कामाला अधिक उपयोगी पडते.

रोगट झाडावरून निरोगी झाडावर जाताना पाते ७० टक्के अल्कोहोलने पुसावे. क्लोरीनचे पाणीही चालते, पण ते पोलादाला खाते आणि खाऱ्या हवेत त्या पात्यावर लगेच गंज दिसू लागतो. मोठ्या कापांवर बोर्डो पेस्ट लावण्याची आपल्याकडची पद्धत मी पाळतो: १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी. कोणताही लेप आतली कुज थांबवत नाही हे शायगो यांचे म्हणणे मला मान्य आहे, तरी आपल्या दमट हवेत ताज्या कापावर बसणाऱ्या बुरशीच्या बीजाणूंना काही काळ अडवण्यासाठी मोरचुदाचा उपयोग होतो असे मी मानतो. उंचावरच्या कापासाठी जुन्या दांड्याला रंगाचा ब्रश बांधून ठेवलेला असतो.

दोरी कमी ताणली जाणारी, पॉलिएस्टरची, साधारण ६ मिलिमीटरची घ्यावी. नायलॉन ताणला जातो आणि हाताने ओढलेल्या लांबीचा बराच भाग त्या ताणातच जातो. स्वस्त प्लॅस्टिकची दोरी उन्हात ठिसूळ होऊन कप्पीत तुकडे सोडते. सरकत्या दांड्यांच्या आत तेल घालू नये, कारण जांभ्याची लाल धूळ त्याला धरून बसते आणि सांधे झिजवते; नळ्या सुट्या करून कोरड्या फडक्याने पुसाव्यात. फायबरग्लास वर्षानुवर्षे उन्हात राहिला की वरचा थर उडून काचेचे तंतू उघडे पडतात आणि हातात खुपतात. सुरुवातीलाच बारीक पॉलिश पेपरने घासून वर लाख किंवा एपॉक्सीचा थर दिला तर दांडा आणखी काही हंगाम चालतो, पण हे करताना हातमोजे आणि मास्क घालावा. बोटाने टिचकी मारत नळी तपासावी. मध्येच आवाज बद्द झाला तर आत चीर आहे असे समजून तो दांडा कामातून काढावा.

पावसाळ्यापूर्वी सगळी डोकी सोडवून, बोल्टमध्ये ग्रीस भरून, पाती तेलाच्या कागदात गुंडाळून ठेवावीत आणि दांडे भिंतीला टेकवून उभे न ठेवता दोन-तीन खुंट्यांवर आडवे ठेवावेत, म्हणजे ते वाकत नाहीत. दोरी वेगळी, सावलीत टांगावी. कामाच्या पेटीत एक स्प्रिंग, एक कप्पी, दोन बोल्ट, एक करवतीचे पाते आणि दहा मीटर दोरी इतके सुटे सामान असले तर बाजारापासून दूर असलेल्या बागेत स्प्रिंग तुटल्यामुळे कामाचा दिवस वाया जात नाही.